लाल चांदणीचा रकाना

"साहेब, हा रकाना रिकामा सोडता येईल असं करा ना," मालनबाई म्हणाल्या.

इंद्रजीतने पडद्यावरची नजर काढली नाही. "कोणता?"

"बाळाचं वजन."

"तोच तर सर्वांत महत्त्वाचा आहे."

मालनबाई रुग्णालयाच्या मातृदुग्धपेढीत परिचारिका होत्या. ज्या मातांना अंगावरचे दूध गरजेपेक्षा जास्त येई, त्या ते तिथे आणून देत आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते चमच्याने पाजले जाई. इंद्रजीत वाळूजच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होता. दोन महिन्यांपूर्वी चार दिवस त्याला या रुग्णालयाच्या बाकावर बसून काढावे लागले, तेव्हा पेढीची कागदी वही त्याच्या नजरेस पडली होती. खाडाखोड, ओघळलेली शाई, अर्धवट ओळी. पाचव्या दिवशी त्याने आपण होऊन एक्सेलमध्ये फॉर्म करून देण्याचे कबूल केले होते.

फॉर्म नेटका होता. दूध देणाऱ्या बाईने तो स्वतःच भरायचा. तारीख आपोआप पडे, दात्री क्रमांक यादीतून निवडायचा, मग दुधाचे माप आणि शेवटी बाळाचे आजचे वजन. या शेवटच्या रकान्यावर लाल चांदणी होती. तिथे कर्सर नेला की शेजारी पिवळी चौकट उघडे: 'उदा. २.१४०'. वजन एक ते आठ किलोंच्या दरम्यान नसेल किंवा लिहिलेच नसेल, तर नोंद जतन होत नसे. दुसऱ्याच्या बाळाला दूध देताना कुणाचे स्वतःचे बाळ उपाशी राहू नये, इतका साधा विचार त्यामागे होता. दात्रींची नावे वेगळ्या पानावर होती. त्या पानाला इंद्रजीतने कुलूप घातले होते आणि परवलीचा शब्द फक्त मालनबाईंना ठाऊक होता.

"एखादीला नसंल भरायचं तर?" मालनबाईंनी विचारले.

"म्हणजे तिने वजन केलेलं नाही. रिकामा रकाना म्हणजे निष्काळजीपणा."

"मग शून्य तरी चालू द्या."

"शून्य किलोचं बाळ असतं का, मालनबाई?"

"नसतं," त्या म्हणाल्या. मग, "लई हट्टी बुवा तुम्ही. घरी बरं हाय ना?"

"ठीक आहे."

घरी ठीक होते, म्हणजे शांत होते. त्याची बायको मेघा पहाटे उठे, स्वयंपाकघरात बराच वेळ पाणी उकळत ठेवी आणि एक जाडजूड पिशवी घेऊन खडकेश्वराला जाऊन येते म्हणून बाहेर पडे. फ्रीजचा वरचा कप्पा तिने रिकामा करून घेतला होता. देवाला जायला एवढी जाड पिशवी कशाला, हे त्याने विचारले नव्हते. बाहेरच्या प्रत्येक आकड्याकडे पुरावा मागणारा इंद्रजीत घरात काहीच विचारत नसे. तीही विचारत नसे.

एरवी तो संध्याकाळी येई. आज सुटी होती म्हणून सकाळीच आला होता, आणि कारणही तसेच होते.

"हे पाहा." त्याने पडद्यावर आलेख उघडला. "दात्री क्रमांक सतरा. चाळीस दिवसांच्या चाळीस नोंदी. वजन रोज बरोबर पंचवीस ग्रॅमनी वाढतंय. एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही."

"बाळसं धरतंय की मग."

"बाळसं असं पट्टीने आखल्यासारखं धरत नाही. बाळाला सर्दी होते, जुलाब होतात, काटा चुकतो. खरे आकडे वाकडेतिकडे असतात. हे घरी बसून रचलेले आहेत. आणि सुरुवात बघा, २.१४०. नमुना म्हणून मीच ठेवलेला आकडा! बाईने तोसुद्धा जसाच्या तसा उचलला."

मालनबाईंनी शीतपेटीचे झाकण नीट लावले.

"जी बाई वजन खोटं लिहिते, तिच्या दुधावर मी विश्वास का ठेवू? तिचं नाव कमी करा आणि शीतपेटीतल्या तिच्या बाटल्या ओतून द्या."

"तिच्या दुधावर दोन लेकरं तगलीत, साहेब. एक तर नऊशे ग्रॅमचं व्हतं."

"नाव सांगा तिचं. मी स्वतः बोलतो."

"नाव नाय सांगणार. कुलूप तुम्हीच घातलंय." त्यांनी पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या. "पण खोटं म्हणता तर ऐका. तिचं लेकरू चौथ्या दिवशीच गेलं. दूध काय थांबतंय व्हय लगेच? ओतून द्यायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून इथं आणती. पहिल्या दिवशी रकाना रिकामा सोडला, तर तुमच्या यंत्रानं घेतलं नाय. शून्य टाकलं, तेबी घेतलं नाय. मग बसली इथंच, त्या पिवळ्या चौकटीकडं बघत."

इंद्रजीतने चष्मा काढून टेबलावर ठेवला. आपण पाळलेल्या शिस्तीने एका अनोळखी बाईला चाळीस वेळा काय लिहायला लावले, याचा हिशेब त्याला मांडता येईना.

"ती पुन्हा कधी येईल?" त्याने हलक्या आवाजात विचारले. "मला माफी मागायची आहे."

"आलीय. बाहेरच्या संगणकावर बसलीय."

तो उठला. दार ढकलले. भिंतीकडच्या संगणकासमोर एक बाई पाठमोरी बसली होती. मांडीवर जाडजूड पिशवी होती आणि पडद्यावर लाल चांदणीच्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता. पावलांची चाहूल लागताच तिने मान वळवली. मेघा दचकली नाही.

"नमुन्याला तुम्ही आपल्या बाळाचं वजन लिहून ठेवलं होतं," ती म्हणाली. "मी ते तिथून पुढं वाढवत आणलं. आता तुम्हीच सांगा, आज किती लिहू?"