आधीचा आकडा

लोरेटा संत्रं सोलून एकेक फोड आईच्या हातावर ठेवायला लागली, तेव्हाच हिल्डाने ओळखलं, काहीतरी बिघडलंय. या पोरीने जन्मात कधी कुणाला संत्रं सोलून दिलं नव्हतं.

"फोनवर काय आलंय?"

"काही नाही गं. खा तू."

सकाळी हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर तपासणीला रक्त दिलं होतं. रिपोर्ट डॉक्टरच्या आधी फोनवर येतो, आणि फोन लेकीच्या हातात. आज पाचवी केमो. केस गेले, चव गेली, घरचा कॉड मासासुद्धा रबरासारखा लागायला लागला. हिल्डाने मनाशी ठरवून टाकलं होतं, उपयोग नसेल तर उगाच हाल करून घ्यायचे नाहीत. मूस हरणांच्या शिकारीचे दिवस सुरू व्हायच्या आत आपल्या खाडीवर, आपल्या घरी जायचं.

"लोरेटा, सहा पोरं वाढवलीत मी. थाप मारायची तर जरा बरी मार."

लोरेटाचा चेहरा पडला. "रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती बघतात, आई. एक जात वाढलीय, दुसरी उतरलीय. एकीला दुसरीने भागलं की सात येतंय. इंटरनेटवर लिहिलंय, स्तनाच्या कॅन्सरमध्ये आकडा इतका चढला की बायका फार... फार दिवस काढत नाहीत."

"मग ऊठ. गाडी काढ."

नर्स डल्सी सुई घेऊन आली, तर ही कोट चढवतेय.

"हिल्डामावशी, निघालात कुठे?"

लोरेटाने फोन पुढे केला. डल्सीने बघून सुस्कारा सोडला.

"कालपासून त्या स्टेरॉइडच्या गोळ्या घेताय ना? त्यांनी हा आकडा फुगतोच. हा धरायचा नसतो. बघायचा तर उपचाराच्या आधीचा."

"तो किती होता?" हिल्डाने विचारलं.

डल्सीने संगणकात शोधलं. "तीनच्या आसपास."

"म्हणजे वाचेन?"

"म्हणजे धड चांगला नाही, धड वाईट नाही. त्यावरून एकट्या तुमचं काय होईल ते कुणी सांगू शकत नाही, मावशी. डॉक्टरसुद्धा नाही."

हिल्डा तशीच उभी राहिली, एक हात कोटात, एक बाहेर. कुणी सरळ 'नाही वाचणार' म्हणालं असतं तर किती सोपं होतं. निदान झोपायला मिळालं असतं.

मग तिने कोट लेकीच्या अंगावर टाकला, खुर्चीत बसली आणि स्तनाचं ऑपरेशन न झालेल्या बाजूची बाही वर सारली. लोरेटा खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती.

"टोच," हिल्डा डल्सीला म्हणाली. "आणि लोरेटा, रडायचं तर बाहेर जाऊन रड. खुर्ची हलतेय."