पुन्हा बोला

पक्षाघातानंतर अप्पांचं बोलणं कुणालाच कळेना, तेव्हा केतकीने जुन्या बाजारातून एक संगणक आणला. सहा वर्षांत त्याने त्यांचा एकेक अडखळता उच्चार शिकून घेतला. अप्पा पुटपुटायचे आणि तो ते स्वच्छ मराठीत बोलून दाखवायचा. अलीकडे मात्र तो फार रेंगाळायला लागला, म्हणून केतकीने आज त्यावर नवी सिस्टीम टाकली. ‘जुनं शिकलेलं ठेवायचं का?’ असं त्याने विचारलं होतं. घाईत तिने ‘नको’ दाबलं. अप्पांना विचारलंसुद्धा नाही.

दुपारी अप्पा काहीतरी बोलले.

“समजलं नाही. पुन्हा बोला,” संगणक म्हणाला.

अप्पा चार वेळा बोलले, मग त्यांनी नाद सोडला. सहा वर्षं केतकीने फक्त यंत्राचंच ऐकलं होतं. बापाचा एक शब्दही तिला ओळखता येत नव्हता.

तिने संगणक बंद केला आणि त्यांच्यासमोर बसली. “अप्पा, चुकलं माझं. आता मलाच सांगा.”

त्यावर अप्पा काहीतरी म्हणाले आणि तेच तेच पुन्हा बोलत राहिले. ती त्यांच्या ओठांकडे बघत अक्षरं जुळवत राहिली. दिवेलागणीला तिला कळलं, ते मघापासून एवढंच म्हणत होते, “असू दे गं.”

ते कळल्यावर तर तिला मान वर करवेना.