पंचविसावी शर्यत

“गोळी घेतलीस ना खिशात?” कंपाउंडरने पळता पळताच विचारलं.

“घेतली रे बाबा,” छापखानेवाला म्हणाला.

छापखान्याच्या कोपऱ्यावर तो दबा धरून उभा होता. शर्यतीचा लोंढा आला तसा हळूच त्यात घुसला होता. छातीवर नंबर नव्हता. डोक्यावर लेकीची जुनी, गोंड्याची टोपी होती. पण सणाच्या सुट्टीत निम्मं गाव असल्याच टोप्या घालून पळत होतं, त्यामुळे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. वर पताका फडफडत होत्या आणि पोस्टासमोर बँडवाले जीव तोडून बेसूर वाजवत होते.

दोघं पहिलीपासूनचे दोस्त. ही शर्यतही बरोबरच पळायचे, आणि दरवर्षी कंपाउंडर चार पावलं पुढे असायचा. सलग पंचवीस शर्यती पुऱ्या केल्या की चौकातल्या पितळी पाटीवर नाव कोरत. एक जरी चुकली तरी पुन्हा पहिल्यापासून. दोघांच्याही चोवीस झाल्या होत्या.

आणि नेमकं यंदा छापखानेवाल्याचं घोडं अडलं. चाळिशी उलटलेल्यांना छाती तपासून घ्यावी लागे. डॉक्टरने कागदावर ‘ठीक’ लिहिलं तरच नंबर. गावात दवाखाना एक, डॉक्टर एक आणि कंपाउंडरही एकच. छातीला वायरी लावायच्या, यंत्रातून निघालेल्या पट्टीवर नाव लिहायचं आणि पट्ट्यांचा गठ्ठा डॉक्टरच्या टेबलावर ठेवायचा, हे सगळं त्याचंच काम. दोघांनी आपली तपासणी एका दुपारी, दवाखाना रिकामा असताना उरकली. एकमेकांना वायरी लावताना पोरांसारखे खिदळले.

चार दिवसांनी कंपाउंडर पाकीट घेऊन छापखानेवाल्याच्या घरी आला. पाकिटातल्या पट्टीवर डॉक्टरने लाल शाईने लिहिलं होतं की पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही, मोठ्या डॉक्टरला दाखवायचं. मोठ्या डॉक्टरची तारीख मिळाली ती सणानंतरची. तोवर छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला गोळ्यांची एक बाटली. बायकोने त्या दिवसापासून त्याला जिनासुद्धा एकट्याने चढू दिला नाही. छापखाना भाच्याच्या हाती द्यायचं ठरलं.

मग परवा कंपाउंडरच येऊन म्हणाला होता, “नंबर नाही तर नाही. कोपऱ्यावरून घूस. शेवटचं एकदा बरोबर पळू.”

छापखानेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. असा दोस्त मिळायला भाग्य लागतं.

“उजव्या खिशात की डाव्या?” कंपाउंडरने पुन्हा विचारलं.

“उजव्या. किती डोकं खाशील?”

“आम्हा नंबरवाल्यांचे खिसे तपासतात सुरुवातीला. गोळी सापडली की नंबर गेला. नाहीतर मीच ठेवली असती.”

दोन वर्षांपूर्वी एक जण पळता पळता कोसळला होता, तेव्हापासून हा नियम होता. छापखानेवाल्याने मान डोलावली. बाटली छापखान्यात, टेबलावर होती. सकाळी त्याने ती खिशात घातली होती आणि पुन्हा काढून ठेवली होती. महिनाभर आजारी म्हणून जगून तो कंटाळला होता. जायचंच असेल तर याच रस्त्यावर, याच्याच बरोबर जाऊ, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. हे दोस्ताला सांगितलं असतं तर त्याने तिथूनच हाताला धरून घरी नेलं असतं.

पुढच्या वळणावर त्याचं घर आलं. बायको गॅलरीत उभी होती. तो चटकन टोपी कपाळावर ओढून कंपाउंडरच्या आडोशाला गेला.

“भाऊजी,” तिने वरून हाक मारली, “यांच्या वाटचंही पळा हो.”

कंपाउंडरने वर पाहिलंच नाही.

शाळेची भिंत मागे पडली. टाकीचा चढ लागला. छापखानेवाला छातीत कळ येण्याची वाट पाहत होता, पण छाती आपली गप्प. उलट पाय असे उचलत होते की त्याला हसू येत होतं. कंपाउंडर मात्र आज मागे रेंगाळत होता. घामाने त्याचा नंबर भिजून लोंबत होता.

“माझ्यासाठी हळू पळू नकोस,” छापखानेवाला म्हणाला. “वेळ संपली तर तुझी पाटी जाईल.”

“तू फक्त माझ्या बाजूने हलू नकोस.”

छापखानेवाल्याला भरून आलं.

चढ संपला. खाली चौक दिसायला लागला, पितळी पाटी उन्हात चमकत होती. जेमतेम दोनशे पावलं. तेवढ्यात कंपाउंडरने त्याचं कोपर घट्ट धरलं आणि बेकरीच्या पायरीवर मटकन बसला. चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने छापखानेवाल्याच्या उजव्या खिशात हात घातला. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या, आणि खिसा उलटा करून बाहेर ओढला.

“नाही आणली,” छापखानेवाला ओशाळून म्हणाला. “टेबलावर ठेवून आलो, मुद्दाम. तुला घोर नको म्हणून खोटं बोललो. अरे, पण घाबरतोस काय असा? मला काही झालेलं नाही. बघ, मी ठणठणीत आहे.”

कंपाउंडरने रिकाम्या खिशाकडे पाहिलं.

“तुला काय होणार,” तो कसाबसा म्हणाला. “ती पट्टी माझ्या छातीची होती.”