व्हरांड्यातली खाट

पुष्पाची खाट वॉर्डात नव्हती.

चहाचा गिलास घेऊन आलेला बादल दारातच थांबला. आत सात बाळंतिणी, त्यांची सात लेकरं, आणि कोपऱ्यात बायकोची खाट होती तिथं नुसती फरशी. ती सापडली बाहेर व्हरांड्यात, औषधांच्या खोक्यांना लागून. पुष्पा भिंतीकडं तोंड करून पडली होती. सहा वर्षांच्या संसारात हे चौथं मूल पोटातच गेलं होतं, पाचव्या महिन्यात. त्याला आज तिसरा दिवस.

बादलच्या डोक्यात तिडीक गेली. चहा तसाच खाली ठेवून तो राउंडवर निघालेल्या डॉक्टरांना आडवा झाला. आधीच्या तीन खेपांचे कागद त्यानं त्यांच्या हातात कोंबले.

"वाचा, साहेब. दर डाव हाच दवाखाना. दर डाव लिवलं, पुढच्या वेळी काळजी घ्या. कायची काळजी घ्याव? यंदा कापसाले अळी लागली, तं साहेब लोक वावरात येऊन बोंडं फोडून पाहून गेले. माहे चार लेकरं गेले. काहून गेले, कोणी पाह्यलं?"

डॉक्टरांनी कागद उलटसुलट केले. "दुसऱ्या खेपेनंतरच तपासण्या व्हायला हव्या होत्या," ते हळूच म्हणाले. "दोघांचंही रक्त. हिच्या पिशवीची सोनोग्राफी."

"मंग काहून नाही केल्या?"

डॉक्टर खाली मान घालून चिठ्ठी लिहू लागले.

"अन् हिले अशी बाहेर कोणी फेकली?" बादल सिस्टरवर ओरडला.

"तुमच्या आईनं," सिस्टर म्हणाली. "सकाळपासून भांडत होत्या आमच्याशी. हिला वॉर्डातून काढा म्हणाल्या."

बादल आईला शोधायला वळला. तिसरं मूल गेलं तेव्हा याच आईनं दारव्ह्याला जाऊन त्याच्यासाठी दुसरी पोरगी पाहिली होती. तांड्यावर कुणाकडं बारसं असलं की पुष्पाला बोलावणं येत नसे. अशा बाईची सावली बाळावर नको म्हणे. आता दवाखान्यातही तेच.

त्याची आई, धुरपताबाई, नळावरून येत होती. हातात पिळलेले कपडे होते.

"याडी!" आईला हाक मारत बादल तिच्या अंगावर धावून गेला. "लाज नाही वाटत तुले? माह्या बायकोची सावली लागते का लोकाइच्या लेकराइले?"

धुरपताबाईनं कपडे खाटेच्या दांडीवर आपटले.

"सावली गेली चुलीत!" तिचा आवाज त्याच्याहून मोठा चढला. पुष्पाची पाठ हलली, तसा तो एकदम खाली आला. "आत लेकरू रडलं का हिले पान्हा फुटते, बादल. सकायपासून तीन झंपरं धुतले म्या."