काट्याची फेरतपासणी

उद्धवरावांनी मणाचं वजन पुन्हा पारड्यात ठेवलं. पारडं पुन्हा वरच राहिलं.

ते जिल्ह्याचे वजनमाप निरीक्षक. जिल्ह्याची प्रमाण वजनं तपासून घ्यायला हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत आले होते. हैदराबाद राज्य मोडून नवं राज्य होऊन वर्ष झालं होतं. जुन्या राज्याची माणसं, दप्तरं, टेबलं-खुर्च्या नव्या खात्यात जमा होत होती, तशी ही वजनंही. तिथल्या माणसानं वजन उलटं करून दाखवलं. वजन बरोबर भरावं म्हणून बुडाच्या भोकात ओतलेलं शिसं सुटून पडलं होतं. एकाचंच नव्हे, बऱ्याच वजनांचं. भोकांत जुना, काळा पडलेला गंज होता. म्हणजे हे आजकालचं नव्हतं.

हलकं वजन खऱ्या काट्यावर ठेवलं तर काटा कमीच दाखवणार. आणि कमी दाखवणारा काटा म्हणजे शेतकऱ्याला लुटणारा काटा. याच वजनांनी उद्धवरावांनी आदिलाबादच्या जिनिंगांचे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांचे, काटे तपासले होते, आणि चोर ठरवले होते.

बाकीचे दंड भरून सुटले. नागोराव सुटला नव्हता.

तो बेला गावचा. एका जिनिंगमध्ये कापूस मोजायच्या काट्यावर होता. शेतकऱ्यांनी ओरड केली म्हणून उद्धवरावांनी तपासणी केली आणि काट्यात खोट निघाली. शेठनं हात झटकले. काटा नागोरावच्या ताब्यात, मला काय ठाऊक, म्हणाला. नागोराव कोर्टात एक शब्द बोलला नाही. सहा महिन्यांची सजा झाली. तो आत असताना पोरीची सोयरीक मोडली. सुटून आला तर गावानं त्याला पंगतीला बोलावणं बंद केलं.

परतीच्या गाडीत उद्धवरावांच्या डोळ्यांपुढून त्याची ती कोर्टात खाली घातलेली मान हलेना.

नव्या साहेबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग समजावलं की खटला जुन्या राज्यातला, सजा भोगून झाली, आता उकरून काय मिळणार? शिवाय एक काटा खरा म्हटला की जिल्ह्यातले सगळे दंड परत मागतील लोक. आणि उद्धवरावांची बढती कागदावर होती. दोन खात्यांची माणसं एकत्र लावताना कोण वर आणि कोण खाली, हे त्याच महिन्यात ठरायचं होतं.

उद्धवरावांनी तरीही नागोरावची सजा रद्द व्हावी म्हणून अर्ज केला. खोट काट्यात नव्हती, सरकारी वजनांत होती, असं सही करून दिलं.

बढती गेली. होता तो हुद्दाही एक पायरी खाली आला आणि बदली जंगलातल्या बेज्जूरला झाली. पाऊस लागला की रस्ता बंद, दवाखाना नाही. त्यांच्या पत्नी विमलबाईंना दम्याचा त्रास. त्या पांढरकवड्याला भावाकडे निघाल्या तेव्हा ट्रंक बांधता बांधता एवढंच बोलल्या,

"ज्याच्यासाठी हे करून राह्यले, त्यानं तुमाले सांगतलं होतं का?"

"त्यानं कशाला सांगायचं?" उद्धवराव म्हणाले. "तो निर्दोष आहे."

त्या पुन्हा बेज्जूरला आल्या नाहीत. तिसऱ्या हिवाळ्यात पांढरकवड्यालाच वारल्या. तार जंगलात उशिरा पोचली. उद्धवरावांना मुखदर्शनही झालं नाही.

अपील वरच्या कोर्टात रेंगाळलं. साक्षीला उद्धवराव दर वेळी स्वतः जात. वजनांची भोकं दाखवून सांगत. शेवटी निकाल लागला. नागोराव निर्दोष ठरला.

निकाल टपालानंही पोचला असता. पण उद्धवराव स्वतः बेल्याला गेले. कापूस वेचणीचे दिवस होते. त्यांनी चावडीपुढे लोक बोलावून घेतले आणि उभं राहून सांगितलं, की या माणसानं तुमचा बोंडभर कापूसही चोरला नाही. खोट सरकारच्या वजनात होती.

मग म्हातारे भगवंतराव उठले. काट्याची पहिली तक्रार त्यांनीच केली होती, आणि नागोरावच्या पोरीची सोयरीक मोडली ती त्यांच्याच पुतण्याशी. ते काठी टेकत आले आणि सगळ्यांदेखत नागोरावच्या पायांशी वाकले. नागोराव मागं सरकला. त्याची बायको कौशल्याबाई शेतातून तशीच आली होती, कापसाची ओटी पोटाशी बांधलेली. ती तिथंच मातीत बसली आणि मोठ्यानं रडली. बाया तिच्याभोवती जमल्या. ज्यांनी तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं त्याही.

उद्धवरावांना फार दिवसांनी बरं वाटलं. विमल असती तर तिला हे दाखवलं असतं, असं त्यांच्या मनात आलं.

नागोराव त्यांना सडकेपर्यंत पोचवायला आला. गाव मागं पडल्यावर तो थांबला.

"सायब, याच्यापायी तुमचं काई नुसकान तं नाई झालं?"

"नाही," उद्धवराव म्हणाले. "काटा खरा होता. ते सांगणं माझं काम होतं."

नागोरावनं मान खाली घातली. कोर्टात घातली होती तशीच.

"खरा होता हे मले तवाच मालूम होतं, सायब. तुमी येऊन राह्यले अशी खबर लागली, म्हणून शेठनं आदल्या दिशी माह्याच हातानं तो नीट करून घेतला. साऱ्या मोसमात तेवढा एकच दिस तो काटा खरा होता."