जाळी काढलेली खिडकी

चॅपेलच्या दाराशी येऊन उर्बां थांबला. "तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला, "मी इथेच बरा."

आदल्या संध्याकाळी गावावर लिंबाएवढ्या गारा कोसळल्या होत्या. एकाही मोटारीची काच धड राहिली नव्हती. आणि चॅपेलची मध्ययुगातली रंगीत काचांची खिडकी या वर्षी उघडी होती. तिच्यावरची तारेची जाळी उर्बांनेच वसंतात काढायला लावली होती. "एवढा सुंदर निळा रंग, आणि आपण तो कोंबड्यांच्या खुराड्यात डोकावल्यासारखा बघायचा?" असं म्हणून म्हणून त्याने सगळ्या गावाचं डोकं खाल्लं होतं. शेवटी लोक कंटाळून हो म्हणाले.

चॅपेलची किल्ली शेजारच्या ओदेतकडे असते. तिने कुलूप काढलं. "गेली असेल तर गेली. तुला कोणी फासावर देत नाही."

"द्या, फासावरच द्या."

त्याची बायको सोलांज ओदेतच्या मागून आत गेली.

बाहेर उरले उर्बां आणि त्याचा मेहुणा मार्सो. खिडकीसमोरचं मार्सोचं अक्रोडाचं झाड एका तडाख्यात बोडकं झालं होतं. खाली फाटक्या पानांचा आणि कच्च्या अक्रोडांचा खच पडला होता. उर्बांने तो बघितला आणि तोंड फिरवलं. झाडाची ही गत, तर काचेचं काय झालं असेल!

"उर्बां! आत ये!" आतून सोलांजची हाक आली.

हाकेवरून काहीच कळेना. सोलांज हाक मारते ती अशीच, पोरगं झाडावरून पडलं तरी आणि सूप तयार झालं तरी.

मार्सोने त्याला दंडाला धरून आत नेलं. उर्बांची मान खालीच होती. तो फरशीवर काचेचे तुकडे शोधत होता. तुकडे नव्हते. फरशी निळी झाली होती, मधेमधे लाल. त्याचे बूटसुद्धा निळे दिसत होते. मग कुठे त्याने मान वर केली. खिडकीच्या काचेतला, द्राक्षांचा घड घेतलेला संत जागच्या जागी उभा होता.

"खालची एक साधी काच तेवढी फुटलीय," ओदेत म्हणाली. "युद्धानंतर बसवलेली. तिचं कुणाला काय!"

उर्बांचा जीव भांड्यात पडला. तो मटकन बाकावर बसला आणि रडायला लागला. रडता रडता हसतही होता, त्याचं त्यालाच आवरेना.

"त्या झाडाने सगळा मार खाल्ला," मार्सो म्हणाला. "आणि तू म्हणायचास, उजेड अडतो, तोडून टाक."

"म्हणालो असेन एखाद्या वेळी."

"दर रविवारी म्हणायचास. माझ्याच घरी बसून, माझीच वाइन पीत."

बायका खो खो हसल्या. ओदेतने घाईघाईने छातीवर क्रुसाची खूण केली आणि ती पुन्हा हसू लागली. उर्बांने डोळे पुसले, नाक शिंकरलं, मेहुण्याकडे बघितलं.

"मार्सो," त्याने विचारलं, "तुझी द्राक्षबाग?"

मार्सो हातातली टोपी गोल गोल फिरवत राहिला. "गेलो नाही अजून. सकाळी निघालो होतो बघायला. टेकडी चढवेना. मग इकडे आलो."

बायकांचं हसू थांबलं. तोडणी तीन आठवड्यांवर आली होती.

उर्बां बाकावरून उठला. खिडकीकडे त्याने पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. "चल," तो म्हणाला. "एकट्याने नको बघूस. आम्ही सगळेच येतो."

मार्सोने टोपी डोक्यावर ठेवली आणि मोठा श्वास सोडला.

"मला वाटलं," तो म्हणाला, "आज कोणी विचारणारच नाही."