घर विकणे आहे

मर्लने तिसरी पाटी उपटली आणि पिकअपच्या मागे टाकली. 'घर विकणे आहे.' शनिवारी कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ हरला की रविवारी सकाळी कोचच्या अंगणात अशा पाट्या उगवायच्या. गावची जुनी रीत होती. कोचने काय ते ओळखावं आणि सामान बांधावं.

या खेपेला घरच्या मैदानावर बेचाळीस-तीन असा मार बसला होता, त्यामुळे पाट्याही भरपूर होत्या.

बियाणांचा व्यापारी वेंडेल क्रूस कुत्र्याला फिरवत रस्त्यावरून चालला होता. "मर्ल, ती हिरवी माझी आहे. चांगलं लाकूड आहे, मोडू नकोस."

"संध्याकाळी बैठकीत देतो."

"बैठकीनंतर पुन्हा ठोकायचीच आहे. राहू दे की."

मर्लने तीही उपटली.

या बाबतीत गावात मर्ल वोंद्रासेकला कोणी फार बोलत नसे. चार वर्षांपूर्वी ऑगस्टच्या उन्हात, सराव चालू असताना, त्याचा मुलगा कोडी मैदानावर कोसळला तो उठलाच नाही. सराव घेणारा कोच हाच होता, डेल ओस्टरहाउट. पुढच्या वर्षी मर्लची बायको लॉर्नाही गेली. कॉफी तो अजून दोघांची करायचा आणि उरलेली दुपारी थंडच प्यायचा.

तरी दर शनिवारी तो स्टेडियममध्ये यायचा. संघाच्या बाकामागे, पहिल्या रांगेत बसायचा. कोचने मान वळवली की समोर मर्लच दिसायचा. तो कधी टाळी वाजवायचा नाही, कधी शिवीही द्यायचा नाही. म्हातारी माणसं म्हणायची, क्षमा शिकावी तर याच्याकडून. कॉलेजने त्याला क्रीडा समितीवर घेतलं, तेव्हाही कोणाला नवल वाटलं नव्हतं.

समितीची बैठक चर्चच्या तळघरात होती. निवृत्त शिक्षिका आर्डिसने पातेलंभर चिली, म्हणजे खिमा-राजम्याची तिखट आमटी, आणि दालचिनीचे रोल आणले होते. पाद्री हल्वरसन आणि गावचा दंतवैद्य आधीच वाटी घेऊन बसले होते.

"सलग सात हरलो," वेंडेल म्हणाला. "कोचला काढायचं, त्याच्या दोन्ही मदतनिसांनाही काढायचं. बटाटे नासले की अख्खं पोतं फेकतात."

"पोतं तुझ्याच दुकानातलं असेल," आर्डिस म्हणाली.

"चेष्टा पुरे, आर्डिस. सराव बघितलायस का कधी? घटकाघटकाला शिट्टी. पाणी प्या, सावलीत बसा. पोरं सहलीला आल्यासारखी येतात. टेक्सासचा एक गडी यायला तयार आहे. ओकारी येईपर्यंत पळवतो पोरांना. गेल्या हंगामात एकही सामना हरला नाही."

मर्लने चमचा खाली ठेवला. "नको."

"का नको?"

"आपल्याला कोच आहे."

"याला कारण म्हणतात?"

"मला पुरतं."

"अरे, आसपासची गावं हसतात आपल्याला. पेट्रोल भरायला गेलो तरी पंपावरचा पोरगा विचारतो, कितीनं हरलात."

"हसू दे. हसण्यानं कोणी मरत नाही."

दंतवैद्य घसा खाकरून म्हणाला, "मर्ल, भावना समजते. पण कॉलेजचं नाव..."

"माझ्या भावनेचं सोड. तुझं मत तू दे, माझं मी देतो. सगळा गाव एका बाजूला गेला तरी मी याच खुर्चीत बसून नाही म्हणेन."

वेंडेलने विचारलं, काढावं म्हणणारे कोण. त्याने स्वतः हात वर केला. दंतवैद्यानेही केला. पाद्रीबाबांनी मर्लकडे एकदा पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवला. आर्डिसचा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"मी काढायचं ठरवूनच आले होते," ती म्हणाली. "पण पोर याचं गेलं. तोच राहू द्या म्हणतोय, तर मी कोण लागून गेले?" तिने हात खाली घेतला.

तिघांनी ठेवलं, दोघांनी काढलं.

"निदान पुढच्या वर्षी जिंकू असं तरी सांग," वेंडेल म्हणाला.

मर्ल वाटी धुवायला उठला. "निकाल त्याला मीच जाऊन सांगतो."

उजेड होता तोवर तो कोचच्या घरी पोचला. अंगणात आणखी एक पाटी होती. लोखंडी पायांची, रंगवलेली. मर्लने हात घातला, तोच कोच दारातून म्हणाला, "ती राहू द्या, मिस्टर वोंद्रासेक. ती खरी आहे."

मर्ल थांबला.

"आज काढतील असं धरून चाललो होतो. ओहायोत एका शाळेत शिकवायला बोलावलंय. तुमच्या मिसेसना शब्द दिला होता, गावानं काढल्याशिवाय पळून जाणार नाही. आज त्यातून सुटलो असतो."

"नाही काढलं. तीन विरुद्ध दोन."

"तिसरं मत तुमचं?"

"पहिलं."

कोच पायरीवर बसला. मग त्याने डोळे पुसले आणि उठून उभा राहिला.

"खरं सांगतो, कोडीनंतर माझी हिंमतच गेली. एखादा धापा टाकायला लागला की माझी शिट्टी वाजते. म्हणून तर हरतो. पण तुम्ही, तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहिलात. आता मागे हटणार नाही. येत्या ऑगस्टपासून पोरांना पहिल्यासारखं घासून काढतो. हे उपकार मी जिंकून फेडीन."

मर्लने लोखंडी पाटी उपटली आणि पिकअपमध्ये इतर पाट्यांवर टाकली.

"हरत राहा, डेल," तो म्हणाला. "जिंकायला लागलास, तर तुला काढायला पहिला हात माझा वर होईल."